मिठाची पोती आणि व्यवस्थापनाचा तास

दौलताबादच्या किल्ल्याविषयी फिरिश्ता या इतिहासकाराने एक हकिगत नोंदवून ठेवली आहे. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला, तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेले होते. राजा रामदेवरायाने गडाचा आश्रय घेतला. गड बळकट होता, पण आतल्या माणसांना धान्य हवे होते. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती पायथ्याशी पडलेली होती. ती घाईघाईने वर नेण्यात आली. पुढे पोती उघडली, तेव्हा आत धान्याऐवजी मीठ निघाले. दरम्यान खिलजीने अशी आवई उठवून दिली होती की, आपली फौज ही केवळ आघाडीची तुकडी असून दिल्लीचे मोठे सैन्य मागून येत आहे. अखेर राजाला मोठी खंडणी देऊन तह करावा लागला. फिरिश्ता विजापूरच्या आदिलशाहीत राहून लिहीत होता, तेही या घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी. त्यामुळे तपशिलाविषयी शंका घेण्यास जागा आहे. तरीही एमबीएच्या वर्गासाठी याहून चांगला प्रसंग शोधून सापडणार नाही. साठा, तपासणी, अपुरी माहिती, अफवा, वाटाघाट असे सारे काही त्यात आहे आणि घटनास्थळ विद्यापीठापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे.

हाच प्रसंग तीन प्राध्यापक कसे शिकवतील, ते पाहू.

पहिले प्राध्यापक फळ्यावर ‘साठा व्यवस्थापन’ असे शीर्षक लिहितील. व्याख्या, प्रकार, महत्त्व, फायदे, मर्यादा या क्रमाने मजकूर सांगतील आणि विद्यार्थी तो उतरवून घेतील. मिठाची पोती शेवटच्या पाच मिनिटांत ‘उदाहरणार्थ’ म्हणून येतील. परीक्षेच्या दृष्टीने हा तास अगदीच वाया गेला असे म्हणता येणार नाही. दुसरे प्राध्यापक वक्ते आहेत. ते गडावरची ती रात्र डोळ्यांसमोर उभी करतील, पोते फोडण्याच्या क्षणी आवाज खाली आणतील, वर्ग श्वास रोखून ऐकेल आणि शेवटी टाळ्या पडतील. ‘सरांचा तास म्हणजे मेजवानी’ असे विद्यार्थी बाहेर येऊन म्हणतील. तिसऱ्या प्राध्यापिका आदल्या दिवशी एक पानाचा कागद वाटतील. त्यात गोष्ट पोती उघडण्याच्या आधीच थांबलेली असेल. वर्गात आल्यावर त्या एवढेच विचारतील, ‘तुम्ही गडाच्या कोठीचे अधिकारी आहात. खाली पोती आहेत, शत्रू वाटेवर आहे. काय कराल?’ आणि खडू खाली ठेवून थांबतील.

त्यानंतर जे घडते, ते मोलाचे असते. कोणी म्हणतो, पोती आधी वर न्या, तपासणी नंतर. कोणी विचारते, सगळी पोती उघडण्याइतका वेळ नसेल तर किती उघडायची? दहातले एक? आणि ते एक निवडायचे कसे, वरच्या थरातले की मधले? नमुना-तपासणीचा अख्खा विषय या एका प्रश्नातून वर्गाच्या हाती येतो. मागच्या बाकावरचा एखादा मुलगा, ज्याच्या घरी किराणा दुकान आहे, तो सांगतो की मिठाचे पोते आणि ज्वारीचे पोते उचलणाऱ्या हमालाला हातानेच कळते; मग हमालाला कोणी विचारलेच कसे नाही? आता चर्चा साठ्यावरून संघटनेच्या रचनेकडे वळते. खालच्या माणसाला ठाऊक असलेली गोष्ट वरच्या माणसापर्यंत का पोहोचत नाही, या प्रश्नावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्यांतले एखादे प्रकरण वाचायला देण्याची योग्य वेळ हीच असते.

या तिघांच्या शैली निराळ्या आहेत, असे आपण सहज म्हणून जातो. आवाज, हातवारे, विनोद, फळ्यावरचे सुवाच्य अक्षर या गोष्टींनाच आपल्याकडे अध्यापनाची शैली समजतात. पण त्या झाल्या लकबी. त्या प्रत्येकाच्या स्वभावाप्रमाणे येतात आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. शैलीचा खरा संबंध एका निवडीशी आहे. तासाभरातले कोणते काम शिक्षक स्वतः करणार आणि कोणते विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवणार? पहिल्या दोन प्राध्यापकांमध्ये वरकरणी जमीन-अस्मानाचे अंतर आहे; परंतु दोघांच्याही वर्गात विचार करण्याचे काम एकटा शिक्षकच करतो. व्यवसाय-व्यवस्थापनाच्या शिक्षणात ही बाब अधिक गंभीर ठरते, कारण या अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या पदवीधराकडून निर्णयाची अपेक्षा असते. ज्याने दोन वर्षांत वर्गात एकदाही निर्णय घेतला नाही आणि त्याचे समर्थन चारचौघांत केले नाही, तो गटचर्चेच्या पहिल्याच फेरीत गळतो. गळणाऱ्यांत बहुधा खेड्यातून आलेली, मराठी माध्यमातून शिकलेली, घरातली पहिलीच पदवीधर असलेली मुले-मुली अधिक असतात. शिक्षकाच्या शैलीची किंमत अशी तिसऱ्यालाच मोजावी लागते.

मग ही शैली घडते कशी? शाळेत शिकवायचे तर डी. एड. किंवा बी. एड. व्हावे लागते. विद्यापीठात शिकवण्यासाठी नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते किंवा पीएच. डी. मिळवावी लागते आणि या साऱ्यांतून विषयाचे ज्ञान व संशोधनाची तयारी तपासली जाते. साठ जणांच्या वर्गासमोर उभे कसे राहावे, याचे शिक्षण मात्र नेमणुकीपूर्वी सक्तीचे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. पुढे त्यांचे नाव मनुष्यबळ विकास केंद्र झाले आणि आता ती मालवीय मिशनच्या छत्राखाली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही असे केंद्र आहे. तेथील वर्ग उपयुक्त असतात, पण काही आठवड्यांचे असतात आणि अनेकदा पदोन्नतीच्या प्रमाणपत्रासाठी केले जातात. परिणामी नवा प्राध्यापक आपल्या स्वतःच्या प्राध्यापकांसारखे शिकवू लागतो. त्यांनी मजकूर सांगितला असेल तर हाही सांगतो. चांगल्या शिक्षकाचे अनुकरण हा वाईट आरंभ नव्हे; गाण्यात शागीर्द आधी गुरूचीच नक्कल करतो. अडचण होते ती तिथेच मुक्काम केल्यावर.

व्यवस्थापनाच्या शिक्षणात अनुकरणाचा दुसराही एक नमुना आहे आणि तो म्हणजे हार्वर्ड. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झाले. १९१९ मध्ये त्याचे प्रमुखपद वॉलेस डोनहॅम यांच्याकडे आले. ते कायद्याचे पदवीधर होते आणि हार्वर्डच्याच कायदा विभागात १८७० च्या दशकापासून खटल्यांच्या निकालपत्रांवर चर्चा करून कायदा शिकवण्याची प्रथा होती. खटल्याच्या जागी व्यवसायातला खरा पेच ठेवावा, अशी त्यामागील कल्पना होती. १९२१ मध्ये पहिली केस लिहिली गेली. पादत्राणांच्या एका कंपनीची ती कथा अगदी छोटी होती. पुढे ही पद्धत जगभर गेली. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने हार्वर्डच्या सहकार्याने ती भारतात आणली आणि भारतीय उद्योगांवर केस लिहिण्याची परंपरा निर्माण केली.

या पद्धतीचे थोर शिक्षक सी. रोलंड क्रिस्टेन्सन यांनी अनेक दशके हार्वर्डमध्ये अध्यापन केले आणि चर्चेने कसे शिकवावे याविषयी १९९१ मध्ये ‘एज्युकेशन फॉर जजमेंट’ हा ग्रंथ सहकाऱ्यांसह संपादित केला. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा की, चर्चेचा तास मोकळा दिसत असला तरी त्यामागे व्याख्यानापेक्षा अधिक तयारी लागते. केवळ विषयाची नव्हे, विद्यार्थ्यांचीही. कोण कुठून आला, कोणाला काय ठाऊक आहे, कोण कशाने बुजतो हे शिक्षकाला माहीत असावे लागते. आपल्याकडे हार्वर्डचे अनुकरण करताना नेमकी हीच गोष्ट गळून पडते. राहते ती फक्त अचानक नाव पुकारून प्रश्न विचारण्याची रीत. ज्या वर्गात निम्म्या मुलांना इंग्रजीत उभे राहून बोलण्याचीच धास्ती आहे, तेथे या रीतीने वर्ग अधिक गप्प होतो आणि शिक्षक निष्कर्ष काढतात की, ‘इथल्या मुलांना केस पद्धत झेपत नाही.’

याउलट, आपल्याच भूमीतले एक उदाहरण येथे आठवण्याजोगे आहे. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये सुरू झाले; आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. तेथे नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पैसा जमवणे, हा त्या नोकरीमागचा एक हेतू होता. चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे की, आरंभी विद्यार्थ्यांनी या नव्या प्राध्यापकाची फारशी दखल घेतली नाही. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकतही घेतली. मात्र त्यांची तयारी आणि विषयाची मांडणी यांचा प्रभाव असा पडला की, इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या व्याख्यानांना येऊन बसू लागले. ही चर्चापद्धती नव्हती, व्याख्यानच होते. म्हणून व्याख्यान जुनाट आणि चर्चा आधुनिक अशी सोपी वाटणी करण्याचे कारण नाही. ज्याच्यापाशी स्वतः केलेला विचार आहे, त्याचे व्याख्यान ऐकताना विद्यार्थ्याला विचार घडताना पाहता येतो. तो विचार दुसऱ्याच्या पुस्तकातून वहीत आणि वहीतून फळ्यावर आला असेल, तर व्याख्यान आणि टंकलेखन यांत फरक उरत नाही.

याच प्राध्यापकाने १९५० मध्ये औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले. त्याचे पुढे मिलिंद महाविद्यालय असे नामकरण झाले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. ही नावे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील आहेत. ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्षू नागसेन उत्तरे देतो, असे त्या ग्रंथाचे स्वरूप आहे. राजाने विचारावे आणि भिक्षूने न दबता उत्तर द्यावे. पुन्हा राजाने ‘दृष्टान्त द्या’ म्हणावे आणि भिक्षूने रोजच्या जगण्यातला दृष्टान्त द्यावा. शहरातल्या एका महाविद्यालयाच्या नावातच प्रश्नोत्तरांची अध्यापनपद्धती कोरलेली असताना आपण ती बॉस्टनहून आयात झाली असे समजतो, ही गंमतच आहे.

प्रश्न विचारणे सोपे वाटते, पण त्यातही एक कसब आहे. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे ऐकून एक साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक किती वेळ थांबतात? उत्तर होते, सरासरी एक सेकंदाच्या आसपास. तेवढ्यात उत्तर आले नाही, तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारत, दुसऱ्या मुलाकडे वळत किंवा स्वतःच उत्तर देत. तोच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, उत्तर देणाऱ्यांची संख्या वाढली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. तो अभ्यास शाळांमधला होता. तरी विद्यापीठातल्या कोणत्याही प्राध्यापकाने घड्याळ लावून पाहावे. शांततेचे तीन सेकंद फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला फार मोठे वाटतात. ‘समजले ना?’ हा आपला लाडका प्रश्न तर उत्तराची वाटच पाहत नाही.

आपल्या वर्गांतील गप्पपणाला आणखी एक थर आहे आणि तो भाषेचा. अभ्यासक्रम इंग्रजीत, पुस्तके इंग्रजीत, उत्तरपत्रिका इंग्रजीत आणि विद्यार्थी मात्र कन्नड, सिल्लोड, गंगापूर, जालना, बीड येथून मराठीत वाढून आलेला किंवा शहरातच उर्दूत शिकलेला. त्याला कळत नाही असे नसते. कळलेले सांगता येत नाही. अशा वर्गात विचार कोणत्याही भाषेत आणि लेखन इंग्रजीत, अशी फारकत करणारे प्राध्यापक थोडे असले, तरी त्यांच्या वर्गातला फरक चटकन दिसतो. आधी शेजाऱ्याशी आपल्या भाषेत दोन मिनिटे बोला, मग दोघांनी मिळून वर्गाला सांगा, मग ते इंग्रजीत चार वाक्यांत लिहा. ‘विचार, जोडी, सांगणे’ अशा तीन पायऱ्यांची ही युक्ती फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली. आपल्याकडे ती दुहेरी उपयोगाची ठरते, कारण दुसऱ्या पायरीवर भाषेचा उंबरठाही ओलांडून होतो.

शिवाय व्यापाराची भाषा मराठीला परकी नाही. भांडवल, मुद्दल, खतावणी, ताळेबंद, उचल, इसार, घाऊक, उधारी हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. मराठवाड्यात धान्य-कापसाच्या बाजाराला ‘मोंढा’ म्हणतात. मोंढ्यातला अडत्या शेतकऱ्याचा माल विकून देतो, त्यावर अडत घेतो आणि पुष्कळदा त्याच शेतकऱ्याला हंगामाआधी उचलही देतो. मग तो शेतकऱ्याचा प्रतिनिधी की सावकार? त्याचे हित कोणाशी बांधलेले? पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात मालक आणि प्रतिनिधी यांच्या हितसंबंधांचा सिद्धान्त भागधारक व कार्यकारी अधिकारी यांच्या उदाहरणाने येतो. वर्गातल्या अनेकांनी भागधारकांची सभा पाहिलेली नसते. वडिलांबरोबर मोंढ्यात रात्र काढलेली असते. सिद्धान्त तोच आहे. फक्त तो कोणाच्या अनुभवापासून सुरू करायचा, हे शिक्षकाने ठरवायचे आहे.

पावसाळा सरता सरता दौलताबाद परिसरात रस्त्याकडेला सीताफळांच्या टोपल्या मांडलेल्या दिसतात. सीताफळ टिकत नाही. खवल्यांमधल्या रेषा उकलू लागल्या की दोन-तीन दिवसांत ते खाल्ले जावे लागते. विक्रेतीने सकाळी किती टोपल्या घ्याव्यात? समजा, एक टोपली ३०० रुपयांना पडली, विकली गेली तर ५०० रुपये आले आणि संध्याकाळी उरलीच तर २०० रुपयांत द्यावी लागली. म्हणजे गिऱ्हाईक आले आणि माल नव्हता, तर २०० रुपयांचा नफा बुडाला. माल उरला, तर टोपलीमागे १०० रुपयांचा तोटा. कमी पडण्याची किंमत उरण्याच्या किमतीच्या दुप्पट. अशा वेळी तीनपैकी दोन दिवस पुरेल इतका माल ठेवणे फायद्याचे, असे गणित सांगते. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हे ‘वर्तमानपत्र विक्रेत्याचा प्रश्न’ या नावाने असते आणि त्याचे सूत्र पाहून निम्मा वर्ग वही मिटतो. टोपलीपासून सुरुवात केली तर सूत्र शेवटी येते आणि तोवर उत्तर वर्गाने स्वतः काढलेले असते. मग एखादी विद्यार्थिनी विचारते, ‘पण विक्रेतीला मागणीचा अंदाज येतो कुठून?’ हा प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या पुढचा आहे. त्याचे उत्तर घेण्यासाठी वर्गाला एक दिवस रस्त्यावर नेता येते. सुटीचा दिवस, वेरूळला जाणाऱ्या गाड्या, आदल्या दिवशीचा पाऊस, शेजारणीने किती माल आणला आहे, अशी तिची स्वतःची परिमाणे असतात.

शहरातल्या उद्योगजगतातही अशा केस विखुरलेल्या आहेत. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक व व्यावसायिकांच्या एका गटाने एकत्र येऊन १५० मर्सिडीज गाड्या एकाच वेळी खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. वर्तमानपत्रांनी तो श्रीमंतीचा सोहळा म्हणून रंगवला. वर्गात मात्र त्याची किती अंगे निघू शकतात! एकेकट्या गिऱ्हाइकांनी मिळून सौदा केल्यावर विक्रेत्याची बाजू कशी बदलते? कंपनीने सवलत देऊन काय विकत घेतले? गट फुटण्याचा धोका कोणत्या क्षणी सर्वांत जास्त असतो? आणि एखाद्या विद्यार्थ्याने ‘याच पद्धतीने शेतकऱ्यांना खत एकत्र का घेता येत नाही?’ असे विचारले, तर त्या तासाचे चीज झाले.

सगळेच स्थानिक प्रसंग चांगली केस ठरतात असे मात्र नाही. दौलताबाद म्हटले की मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये केलेले राजधानीचे स्थलांतर आठवते आणि बदलाच्या व्यवस्थापनावरील व्याख्यानांत ते हमखास येते. या केसचा दोष असा की, तिचा निकाल आपल्या भाषेनेच आधी लावून ठेवला आहे. ‘तुघलकी कारभार’ हा शब्दप्रयोग ज्याला ठाऊक आहे, त्याला विचार करण्यासारखे काही उरत नाही. वर्ग हसतो आणि हसून मोकळा होतो. ही केस शिकवायचीच, तर नावे पुसून शिकवावी. सत्ता दक्षिणेकडे पसरली आहे, मुख्यालय उत्तरेच्या टोकाला आहे, मधले अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे; तुम्ही काय कराल? निम्म्याहून अधिक वर्ग दुसरे मुख्यालय काढण्याच्या बाजूने मत देतो की नाही, ते पाहावे. नंतर नावे सांगावीत. मग चर्चा ‘वेडा सुलतान’ सोडून निर्णय आणि अंमलबजावणी यांतील अंतराकडे वळते.

आपली शैली प्रभावी आहे की नाही, हे शिक्षकाला कळावे कसे? विद्यार्थ्यांच्या पसंतीवर विसंबावे, तर एक जुना प्रयोग सावध करतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत एका अभिनेत्याला ‘डॉ. फॉक्स’ या नावाने तज्ज्ञ म्हणून उभे करण्यात आले. त्याचे भाषण परस्परविरोधी विधाने, निरर्थक शब्द आणि विनोद यांचे होते. आशय मुद्दामच ठेवला नव्हता. श्रोते स्वतः शिक्षित व्यावसायिक होते. त्यांनी वक्त्याला उत्तम शेरे दिले. अलीकडे, २०१९ मध्ये, हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत याची दुसरी बाजू दिसली. ज्यांनी वर्गात स्वतः प्रश्न सोडवले, ते चाचणीत अधिक शिकलेले आढळले. पण आपण अधिक शिकलो असे वाटले ते मात्र सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना. डोक्याला झालेले श्रम विद्यार्थ्याला न समजल्याची खूण वाटतात. म्हणून चर्चेने शिकवणाऱ्या प्राध्यापकाने पहिल्या महिन्यात नाराजीची तयारी ठेवावी आणि आपण असे का शिकवतो, हे वर्गाला मोकळेपणाने सांगावे. मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘सर काहीच शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात’ असा शेरा आला, तर तो तक्रारीच्या रकान्यात घालायचा की कौतुकाच्या, याचा विचार विभागप्रमुखांनीही करायला हवा.

यापेक्षा विश्वसनीय साधने अगदी साधी आहेत. तास संपल्यावर दहा ओळींची नोंद: कोणता प्रश्न पेटला, कोणता विझला, कोण प्रथमच बोलले. सहामाहीच्या मध्यावर नावाशिवाय चिठ्ठ्या, हव्या त्या भाषेत, एकच प्रश्न विचारून: ‘तुम्ही कुठे अडला आहात?’ वर्षातून एकदा एखाद्या सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवून त्याला फक्त हे मोजायला सांगणे की, पन्नास मिनिटांत किती वेगवेगळे विद्यार्थी बोलले. आपण दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसण्याला मात्र आपल्याकडे फार संकोच आहे. प्राध्यापक संशोधन-निबंध एकमेकांना दाखवतात, तास दाखवत नाहीत. अशा नोंदी दोन-तीन वर्षे ठेवल्या, तर त्यांत एक रेषा उमटू लागते. एखाद्याला कळते की आपले बळ आकडे उलगडून दाखवण्यात आहे, चर्चा चालवण्यात नाही. त्याने चर्चेचे सोंग आणू नये. आकड्यांच्या मध्येच थांबून पुढची पायरी वर्गाकडून काढून घ्यावी. मितभाषी शिक्षिकेने वक्ता होण्याचा अट्टहास धरू नये; तिच्या शांततेत वर्गाला बोलायला जागा मिळते.

आता तर केसचे तयार उत्तर मोबाइलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून अर्ध्या मिनिटात मिळते. घरी लिहून आणायच्या गृहपाठावर विसंबलेल्या शिक्षकाची त्यामुळे मोठी पंचाईत झाली आहे. वर्गात समोरासमोर ‘हे का?’ आणि ‘हे चुकले तर?’ असे विचारणाऱ्याची तेवढी झालेली नाही. यंत्राचे उत्तर फळ्यावर लिहून त्यातली गृहीतके वर्गाकडून शोधून घेणे, हाही एक चांगला तास होऊ शकतो.

या साऱ्याला वेळ लागतो आणि तिथेच खरी गोची आहे. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठ विभागांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापक वाहतात. मानधन तासावर, नेमणूक वर्षापुरती आणि पुढच्या वर्षी विषय तोच असेल याची खात्री नाही. शैली घडायला पाच-सहा वर्षे लागत असतील, तर दर वर्षी नव्याने अर्ज करणाऱ्याने ती कुठे घडवावी? केस लिहिण्यासाठी वाळूजला किंवा मोंढ्यात घालवलेल्या दिवसाचे मानधन कोणी देत नाही. त्याने लिहिलेल्या केस, काढलेले प्रश्न, चिठ्ठ्यांवरून केलेल्या दुरुस्त्या हे सारे त्याच्याबरोबरच निघून जाते आणि पुढचा माणूस पुन्हा व्याख्या-प्रकार-महत्त्वापासून आरंभ करतो. पदे भरणे विभागाच्या हाती नसते, हे खरे. पण अशा केस लिहिणाऱ्याच्या नावासह एका फायलीत ठेवणे, प्रत्येकीमागे वर्गात काय घडले याचे एक पान जोडणे आणि जुलैत नव्याने रुजू होणाऱ्याच्या हाती ती फाइल वेळापत्रकाबरोबरच देणे, याला कोणत्याही मंजुरीची गरज नाही.